औषध आहे, मुक्कामाचे काय?

लहान मुलाला कर्करोग झाला असे सांगताना आपल्याकडे अजूनही आवाज खाली जातो. जणू निकाल लागलाच. रक्ताच्या कर्करोगापुरती तरी ही समजूत आता जुनी झाली आहे. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने या रोगाला काही महिने उतार पडू शकतो एवढेच दाखवले, तरी ते नवल ठरले. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून संपन्न देशांतील दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. त्यासाठी लागणारी औषधे बहुतांशी जुनीच आहेत आणि भारतातही मिळतात. असे असता जागतिक आरोग्य संघटनेला २०१८ मध्ये, कर्करोग झालेल्या मुलांपैकी निदान ६० टक्के २०३० पर्यंत वाचावीत, असे माफक उद्दिष्ट जगापुढे ठेवावे लागले.

निदानाला होणारा विलंब आणि जंतुसंसर्ग ही गरीब देशांतील अपयशाची कारणे आहेतच. पण आणखी एक कारण कोणत्याही प्रयोगशाळेत सापडणारे नाही. उपचार अर्धवट सुटतात. रुग्णालयाच्या कागदावर ‘उपचार सोडले’ एवढीच नोंद उरते आणि तिचा ठपका नकळत आईबापांवर येतो. त्यांनी नेमके काय सोडले आणि त्याआधी काय काय सोसले, हे त्या नोंदीत नसते.

मराठवाड्यातील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुलाचा ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उमटतात; गावात विषमज्वराची औषधे होऊन जातात आणि मग कोणीतरी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव सांगतो. १९४१ पासून देशभरचे रुग्ण तेथे येत आहेत. उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो. पहिले काही महिने शिरेतून औषधे, पाठीच्या कण्यात इंजेक्शने. मग दीर्घकाळ रोजच्या गोळ्या आणि वारंवार रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना साधा तापही काही तासांत जिवावर बेततो. म्हणून पहिल्या टप्प्यात रुग्णालयापासून दूर राहून चालत नाही. शिजवलेले ताजे अन्न आणि उकळलेले पाणी हवे, तेही मुंबईत, जेथे खोलीचे भाडे मजुराच्या मिळकतीहून अधिक! स्टेरॉइडमुळे मूल मध्यरात्री भूक लागली म्हणून रडते. आईजवळ चूल नसते. बाप कामावर परततो, कारण तो परतला नाही तर पैसाच थांबतो. धाकटी मुलगी आजीकडे राहते आणि आई फक्त दादाचीच का, असे विचारू लागते. त्यात शेजारीपाजारी आईच्याच नशिबाला बोल लावतात. हा रोग संसर्गजन्य नाही, हे सांगण्यातही तिची शक्ती खर्ची पडते.

असे असूनही पहिल्या महिन्याअखेर बहुतेक मुलांच्या रक्तात रोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. मूल हसूखेळू लागते. कर्ज वाढलेले, पेरणी जवळ आलेली. आता बरे झाले, घरी जाऊ, असे वाटणे हा अडाणीपणा नव्हे. पण उपचार येथे थांबला तर रोग बहुधा उलटतो.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, लहान रुग्णांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूड केंद्रे, रेल्वेची भाडेसवलत, महात्मा फुले जनआरोग्य योजना यांचे मोल मोठे आहे. परळच्या या रुग्णालयातही निवास, आहार आणि समाजसेवकांची साथ यांची व्यवस्था होत गेली, तसे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणजे आईबाप तेच होते. मुक्काम बदलला होता. म्हणूनच निवास आणि आहार यांना दानधर्माच्या खात्यात न ठेवता औषधांइतकेच उपचाराचे अंग मानून शासनाने त्यांची तरतूद केली पाहिजे. रक्ततपासणी आणि गोळ्यांचा टप्पा जिल्हा रुग्णालयातच पार पडला, तर कित्येक फेऱ्या वाचतील.

रजेचा प्रश्नही असाच. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, हे उचित झाले. पुरुष कर्मचाऱ्याला मात्र पत्नी हयात नसली किंवा अंथरुणाला खिळलेली असली तरच ती देऊ केली. आजारी मुलाजवळ बसणे हे बापाचे काम नव्हे, असा हा हिशेब दिसतो. रोजंदारीवरच्या बापाला तर तीही नाही. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्याने घातलेला प्रत्येक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते, एवढे टेबलापलीकडच्या कारकुनाने लक्षात ठेवले तरी पुष्कळ होईल. रक्तातील प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. त्या देणाऱ्यांची गरज वर्षभर असते, आणि महाविद्यालयीन तरुणांची रक्तदान शिबिरे मात्र जयंती-पुण्यतिथीला एकगठ्ठा होतात.

आणि ते मूल शाळेत परत येते तेव्हा केस गेलेले, चेहरा सुजलेला, गोळ्या अजून चालू असतात. वर्गात कोणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्याचे कळताच गुरुजींनी त्याच दिवशी त्याच्या घरी निरोप धाडायला हवा. इतर मुलांना चार दिवसांची सुटी देणारा तो आजार या मुलाचा जीव घेऊ शकतो.