खंड्याची शिकवणी

"आम्ही कला शाखेचे, विज्ञानाशी आमचा काय संबंध?" हा समज किती पोकळ आहे, ते जपानमधील एका आगगाडीवरून दिसते. वेगवान गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाई आणि दुसऱ्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज होई. आसपासचे रहिवासी हैराण होत. अभियंते एइजी नाकात्सू यांना पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. खंड्या सूर मारतो तेव्हा पाणी फारसे उडत नाही, हे त्यांनी हेरले. १९९७ साली ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावू लागलेल्या नव्या गाडीला त्या चोचीसारखे निमुळते, १५ मीटर लांब नाक मिळाले. उत्तराची खूण पाणवठ्यावर सापडली. प्रयोगशाळेने ती पारखून घेतली. मित्रहो, पाहण्याची नजर ही कोणत्याही एका शाखेची मिरास नव्हे. मात्र पाणवठेच बुजवले, तर उद्याच्या अभियंत्याने शिकावे कोणाकडे?