आंब्याच्या चिकातला राखणदार

बंगळूरच्या मराठी घरांतही मे महिन्यात आंब्याची पेटी येतेच. आपल्या हापूसला तिथे ‘बदामी’ म्हणतात, एवढाच फरक! पण चार दिवसांनी पेटी उघडावी, तर फळांवर काळे डाग. आपण फळवाल्याला बोल लावतो. वास्तविक करप्याच्या बुरशीचे बीजाणू बागेतच कोवळ्या फळांवर येऊन बसतात आणि फळ पिकेपर्यंत निमूट दडून राहतात.

कच्च्या फळापाशी स्वतःची शस्त्रे असतात, म्हणून बुरशीचे तिथे फारसे चालत नाही. त्यांतले एक ‘कायटिनेज’ नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते. कोळंबीच्या कवचातही तेच असते. हे विकर ती भिंत पोखरते. फळाच्या किंवा आपल्या पेशींत कायटिन नसल्याने त्यांना धक्का लागत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली वर्णन केलेले लायसोझाइम आपल्या अश्रूंत असते. तेही असेच जिवाणूंची भिंत फोडते.

आंब्याच्या चिकात कायटिनेज असल्याचे श्रीलंकेतील संशोधकांना आढळले आहे. फळ पिकू लागले, की चीक आणि सालीतली रक्षक द्रव्ये कमी होतात. बुरशीला तेवढीच संधी पुरते!

मग हीच विकरे बाहेरून फळांना लावली तर? तसे प्रयोग झाले आहेत. मात्र विकरे ही प्रथिने; उष्णता व आम्लता बदलली, की त्यांचे बळ घटते. शिवाय गरात शिरलेल्या बुरशीपर्यंत ती सहजी पोहोचत नाहीत. म्हणून काढणीनंतर फळे सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे बुडवण्याची जुनी रीत अजून उपयोगी आहे. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे १९६७ पासून असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतही आंब्याच्या काढणीनंतरच्या जपणुकीवर काम होते.

घरी आपण काय करावे? आखूड देठ राखलेली, न आपटलेली फळे निवडावीत. ती पेंढ्यात एकेरी थरात मांडावीत, रोज पाहावीत आणि डागाळलेले फळ लगेच वेगळे करावे. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नये. तो नीट पिकत नाही. बुरशी आलेला मऊ भाग कापून उरलेले फळ खाण्याचा मोहही टाळावा, कारण तिचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

शेतकऱ्याने वर्षभर जपलेले फळ आपल्या घरात चार दिवसांत नासू नये, एवढी काळजी तर आपल्या हातात आहे.