घरट्याची किंमत कोणी मोजायची?

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावी रस्त्याकडेचे तळे पावसाळ्यात भरू लागले, की तेथे दोन प्रकारची वर्दळ सुरू होते. टिबुकली, पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी यांसारखे पाणपक्षी लव्हाळ्यात आणि पाणवनस्पतींच्या आधाराने घरटी बांधू लागतात. आणि त्यांच्या मागोमाग लांब भिंगांचे कॅमेरे घेतलेली हौशी मंडळी मोटारी थांबवू लागतात. रस्ता जवळ, पाणी उथळ आणि पक्षी हाकेच्या अंतरावर. छायाचित्रकाराला याहून अधिक सोयीचे स्थळ ते कोणते? परंतु छायाचित्रकाराची हीच सोय पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते, याचा विचार फारसा होत नाही.

ही मंडळी शिकारी नव्हेत. पक्ष्यांवर त्यांचे प्रेम असते, हेही मान्य करावयास हवे. तथापि परिणाम हेतूवरून ठरत नसतात. टिबुकलीचे घरटे म्हणजे शेवाळ व कुजक्या पानांचा पाण्यावर तरंगणारा एक ओला ढीग. घरटे सोडताना ती चोचीने पाला ओढून अंडी झाकते. पण माणूस अचानक काठावर उतरला, तर तेवढाही अवधी तिला मिळत नाही. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि उबवणीचा सारा भार एकट्या नरावर पडतो. त्याला हुसकावले, की घरट्याला दुसरा राखणदार उरत नाही. शेकाट्या आणि टिटवी उन्हाळ्यातच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तेथे पक्षी अंड्यांवर बसतो तो केवळ ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठीही. तो उठला, की भर उन्हात अंड्यातील जीव थोड्या वेळात दगावू शकतो. शिवाय कावळे टपलेले असतातच. घाबरून उडालेला पक्षी त्यांना घरट्याचा पत्ताच सांगतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अपरिचित नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या विषयावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की एखाद्या व्यवहाराचा काही खर्च तो व्यवहार न करणाऱ्या तिसऱ्याच्याच माथी पडतो. गिरणीचा धूर शेजाऱ्याचे कपडे काळवंडतो. पण गिरणीच्या जमाखर्चात त्याची नोंद नसते. छायाचित्रकाराच्या हिशेबातही कॅमेऱ्याची किंमत, पेट्रोल आणि सुटीचा दिवस यांची नोंद असते. फुकट गेलेल्या चार अंड्यांची नसते.

या हिशेबात अलीकडे आणखी एक फरक पडला आहे. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे निघत आणि प्रत्येकासाठी पैसा मोजावा लागे. तो खर्चच संयम शिकवीत असे. आता कळ हजार वेळा दाबली तरी जादा खर्च जवळजवळ शून्य. एक चांगले चित्र मिळेपर्यंत घरट्यापाशी ताटकळत राहणे स्वस्त झाले. शिवाय ते चित्र स्थळाच्या नावासह भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पोहोचते आणि पुढच्या रविवारी त्याच घरट्यापुढे दहा मोटारी उभ्या राहतात. किमतीने घातलेला बांध फुटला. त्याच्या जागी दुसरा बांध मात्र कोणी घातला नाही.

यावर उत्तर दिले जाते, की थोर छायाचित्रकारांनीही घरट्यांचीच चित्रे काढली. ते खरे आहे. इंग्लंडमधील कीर्टन बंधूंनी १८९२ साली अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि तेथून या कलेचा मोठा अध्याय सुरू झाला. एरिक हॉस्किंग यांनी तर १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळ एक डोळा गमावला. पण असे साधक मोजके होते आणि पक्ष्याला सवय होईपर्यंत लपणात बसून राहण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. एकाने केले ते शंभरांनी केल्यास त्याचे स्वरूपच बदलते. आणि घुबडाला नख्या होत्या. टिबुकलीपाशी बुडी मारून दूर जाण्यापलीकडे काहीच नाही.

कायदा नाही असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. परंतु प्रत्येक तळ्यावर वनरक्षक उभा करणे अशक्य आणि उपद्रव सिद्ध करणे त्याहून अवघड. म्हणून उपाय गावातच शोधावा लागेल.

सामायिक मालमत्तेची नासाडी अटळ असते, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखविले, की लोक स्वतः नियम करून अशी मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला हे नवे नाही. धुळे-नाशिककडील फड पद्धती पाण्याची वाटणी अशीच करीत आली. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहुप्याची देवराई राखली गेली, ती सरकारी पहाऱ्याने नव्हे, तर गावाच्या श्रद्धेने व संकेताने.

तळ्यासाठी असा संकेत का निर्माण होऊ नये? २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करण्याची तरतूद आहे. ग्रामसभेने आणि या समितीने मिळून विणीच्या महिन्यांपुरते चार नियम करावेत. पक्षी रस्त्यावरूनच पाहावेत, शक्यतो मोटारीत बसून, कारण उभ्या मोटारीपेक्षा उतरलेल्या माणसाला पक्षी अधिक भितात. काठावरचा पाला-लव्हाळा चित्र स्पष्ट यावे म्हणून तोडू नये. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवू नयेत, ड्रोन उडवू नयेत. आणि पिले घरटे सोडेपर्यंत जागेचे नाव प्रसिद्ध करू नये. गावातील शाळेच्या मुलांकडे घरट्यांच्या नोंदीचे काम दिले, तर राखण आणि शिक्षण दोन्ही साधतील.

तळी बुजविली जातात, पाणी उपसले जाते, जलपर्णी माजते. त्यापुढे छायाचित्रकारांचा उपद्रव तो केवढा, असा आक्षेप घेतला जाईल. संकटांचा हा क्रम चुकीचा नाही. परंतु बुजवू पाहणाऱ्यांपासून तळे वाचवावयाचे, तर ज्यांना ते प्रिय आहे त्यांचाच आवाज लागणार. आणि त्या आवाजाला वजन यावे, यासाठी त्यांचे स्वतःचे वर्तन निर्दोष असावयास हवे.

जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. पाहुणे येणार, आणि यावेतही. पण जे पाहावयाचे तेच पाहण्याच्या ओघात संपले, तर ते पर्यटन म्हणजे भांडवल खाऊन केलेली चैन ठरेल. निमगाव सावासारख्या गावांनी पुढच्या पावसापूर्वी आपले नियम ठरवावेत आणि छायाचित्रकारांनी ते आपणहून पाळावेत. एखादे चित्र हुकले, तर पुढच्या वर्षी मिळेल. मात्र त्यासाठी या वर्षीची पिले जगावयास हवीत.