गद्दल कमी, लहर स्पष्ट

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला की भालकी, बसवकल्याण, आळंदकडचे पालक हमखास विचारतात, "सर, पोरगं ऑसिलोस्कोप मागतंय. कुठला घेऊ?" तुरीच्या पट्टीचे पैसे खर्चायचे असतात, तेव्हा विचारणे रास्तच आहे.

ऑसिलोस्कोप म्हणजे विद्युत दाबाचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र. प्रयोगशाळेतले जुने काचनळीचे सीआरओ अर्धे टेबल अडवत. आताचे दप्तरात मावतात. 'लो नॉइज' वाचून काहींना पंख्याचा आवाज आठवतो. पंखा घोंगावला तरी मापन बिघडत नाही. इथला नॉइज म्हणजे यंत्राच्या अंगातलाच विद्युत गोंधळ, आपल्या घरच्या कन्नडात गद्दल! दुकानात काहीही न जोडता सर्वांत बारीक मापावर रेघ पाहावी. दोन यंत्रे शेजारी ठेवली, की जिची रेघ जाड, तिच्यात गद्दल जास्त.

१०० मेगाहर्ट्झचा स्कोप १०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ७० टक्के उंचीचीच दाखवतो. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची उंची नीट मोजायची तर ३०० मेगाहर्ट्झ तरी हवेत. याउलट आपण वर्षानुवर्षे ऐकलेली आकाशवाणीची कलबुर्गी मध्यमलहर ११०७ किलोहर्ट्झची. तिला ५० मेगाहर्ट्झ भरपूर झाले. उगाच मोठा आकडा घेऊ नये, कारण पट्टा चौपट झाला की गद्दल साधारण दुप्पट होतो. म्हणूनच अनेक स्कोपवर २० मेगाहर्ट्झची मर्यादा घालायची सोय असते.

८ बिटच्या यंत्रात उंचीच्या २५६ पायऱ्या, १२ बिटच्यात ४०९६. रिगोलच्या २०२३ च्या डीएचओ८०० मालिकेपासून १२ बिट छोट्या यंत्रातही स्वस्तात आले. मात्र तिथला सेकंदाला सव्वाशे कोटी नमुन्यांचा वेग एका चॅनेलचा आहे. चारही लावले की वाटण्या होतात आणि प्रत्येकाला चौथा हिस्सा मिळतो. जाहिरातीत मोठाच आकडा ठळक असतो, हे सांगायला नको.

प्रोबकडे कुणी पाहत नाही. दहापटीचा प्रोब संकेत दशांश करतो, यंत्राचा गद्दल मात्र तेवढाच राहतो. एकपटीचा प्रोब काही मेगाहर्ट्झपुढे टिकत नाही. बारीक आणि वेगवान संकेतासाठी कोॲक्सियल तार आणि ५० ओहमची जोडणी बरी. अर्थची तार लांब ठेवली तर लहरीत नसलेली थरथर दिसते.

नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण, की कमी गद्दलाचा पहिला ॲम्प्लिफायर अँटेनाच्या केंद्राशीच बसवलेला असतो. गद्दल तारेत मिसळला की नंतर कितीही महाग यंत्र आणा, तो वेगळा काढणे कठीण.

वायफायच्या २४०० मेगाहर्ट्झचा प्रोजेक्ट असेल तर विकत घेऊच नका. कॉलेजातला स्पेक्ट्रम ॲनालायझर मागा. आणि मुलाला एवढे बजावा, की प्रोबची अर्थ-क्लिप २३० व्होल्टच्या तारेला लावायची नाही. विजेवर चालणाऱ्या टेबलावरच्या स्कोपमध्ये ती थेट अर्थिंगला जोडलेली असते.