छावणीबाहेरचा माणूस

वर्षभरात बायबल पुरे करायचे, तर ६६ पुस्तकांचे १,१८९ अध्याय रोज सव्वातीनच्या हिशेबाने वाचावे लागतात. भद्रावतीत एक जानेवारीला ‘उत्पत्ती’ हाती घेणाऱ्यापुढे महिनाअखेरीस ‘लेवीय’ येते आणि विधिनियमांच्या त्या रानात अनेकांचा नेम मोडतो. तेरावा अध्याय मात्र या मुलखात चुकवू नये. चट्टे उठलेल्याने फाटके कपडे घालावेत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे, छावणीबाहेर एकटे राहावे, असा तिथला नियम. शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली, ती अशाच गावाबाहेर काढलेल्यांसाठी. ऑक्टोबरात मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू अशा रोग्याला हात लावतो. ‘लेवीय’ गाळून आलेल्याला त्या स्पर्शातले धाडस पुरते कळत नाही. म्हणून फेब्रुवारीतली ती रूक्ष पाने नेटाने वाचावीत.