दगड खालीं, लांकूड वर

जेत्यांनीं जितांस शिकविल्याचीं उदाहरणें इतिहासांत पुष्कळ सांपडतात. जितांच्या झोंपडीपासून जेत्यांनीं धडा घेतल्याचें उदाहरण विरळा. तें फिलिपीन्सच्या गृहरचनेंत आढळतें, म्हणून आज आम्ही वाचकांस सात हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशांत नेणार आहों.

तेथील मूळचें घर म्हणजे 'बहाय कुबो'. खांबांवर उचललेली वेळूची खोली, नीपा नामक ताडजातीय झाडाच्या पानांचें उतरतें छप्पर आणि खालीं मोकळी जागा. पुराचें पाणी खालून जावें, वारा फटींतून यावा आणि भूमि हालली तर घरानेंही तिजबरोबर डोलावें, अशी ही साधी योजना. १५७१ सालीं मनिला हस्तगत करणाऱ्या स्पॅनिश लोकांनीं प्रथम लांकूड, वेळू व पानें यांचीच वस्ती उभारली. पण १५८३ च्या आगींत ती जळाली. तेव्हां त्यांनीं स्वदेशच्या रीतीनें दगडचुन्याचीं भारी घरें बांधलीं. ३० नोव्हेंबर १६४५ रोजीं मोठा भूकंप झाला, आणि ज्या भिंतींनीं अग्नीपासून रक्षावयाचें त्यांच्याच खालीं माणसें गाडलीं गेलीं.

पुढें जी रीत रूढ झाली तिचें नांव 'बहाय ना बातो', म्हणजे दगडाचें घर. नांव दगडाचें असलें तरी दगड तळमजल्यापुरताच. वरचा मजला लांकडाचा. पुष्कळ घरांत छपराचा भार लांकडी खांब पेलतात. खालची दगडी भिंत त्यांच्याभोंवतीं केवळ नेसविलेली असते. तळाशीं गाडी व कोठार, वर कुटुंबाचा वास, ही वहिवाटही कुबोचीच. सरकत्या खिडक्यांस कांचेऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें असतात. गोमंतकांतील जुन्या घरांत अशीं तावदानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस त्यांतून येणाऱ्या सौम्य प्रकाशाची कल्पना येईल. व्हिगान गांवीं अशा घरांच्या ओळी अद्यापि उभ्या आहेत.

चर्चें मात्र दगडविटांचींच राहिलीं. पावाय येथील १७१० सालचें चर्च पाहावें: भिंतींस बाहेरून प्रचंड टेकू दिलेले आणि घंटेचा मनोरा दूर उभा, कीं तो पडला तरी चर्चवर पडूं नये. तरीही भय सरलें नाहीं. १५ ऑक्टोबर २०१३ रोजीं बोहोल बेटावर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हां लोओनच्या जुन्या चर्चचा ढिगारा झाला.

हें दूरदेशचें नवल म्हणून आम्ही सांगत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी व आसपासच्या गांवीं हजारों माणसें गेलीं, तीं बहुतांशीं जाड दगडमातीच्या भिंती अंगावर येऊन. भिंत जाड म्हणजे घर बळकट, ही समजूत आपल्याकडेही खोल रुजलेली आहे. घर बांधणाऱ्यानें मुहूर्त अवश्य पाहावा. परंतु छपराचा भार कशावर आहे आणि भिंत खांबांशीं कशी बांधली आहे, हें गवंड्यास आधीं विचारावें.