नट खोलायच्या आधी चिठ्ठी!

गोरेगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरील समस्त मोटारसायकलवाले, ट्रॅक्टरवाले, जीपवाले बंधू-भगिनींनो,

गाडी गॅरेजला लावली की पुढचं बोलणं ठरलेलं असतं. "काय झालं?" "पिकअप नाही, आवाज येऊ लागला." "सोडून जा, बघतो." "किती लागतील?" "बघू ना भाऊ, तुमच्याकडून काय जास्त घेणार का?" संध्याकाळी गेलं की आकडा तयार, आणि तोही तोंडी. हाफ इंजिन केलं, कोन सेट टाकला, ऑइल बदललं, मजुरी धरून एवढे झाले. जुनं सामान कुठाय? "भंगारात टाकलं." बिल? "बिल काय करता? मी कुठं पळून चाललो का?"

हे पत्रक त्या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे.

सगळे मिस्त्री चोर आहेत असं आमचं म्हणणं नाही. रात्री दहा वाजता फोन केला तर पाने पिशवीत घालून शेतापर्यंत येणारे, दोन रुपयांचा वायसर बदलून पैसे न घेणारे मिस्त्री याच पट्ट्यात आहेत. पण धंदा तोंडी चालतो तोवर अशा माणसाचा आणि लुबाडणाऱ्याचा हिशेब सारखाच दिसतो. बिल नसल्याचा सगळ्यात मोठा तोटा प्रामाणिक मिस्त्रीला होतो, कारण त्याचं काम कमी पैशात आणि चांगलं झालं याचा कागद त्याच्याकडेही नसतो.

फसवणूक कुठं होते ते उघडच सांगतो. आधी ऑइल. साध्या मोटारसायकलला साधारण लीटरभर ऑइल लागतं. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडला नाही, तर आत गेलेलं ऑइल डब्यातलं होतं की बॅरलमधलं, हे इंजिन बसल्यावरच कळणार. रिकामा डबा तिथंच सोडून येऊ नका. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्याला गिऱ्हाईक असतं आणि ते गिऱ्हाईक त्यात काय भरतं हे सांगायला नको. डबा घरी आणा, नाहीतर तिथंच खिळ्यानं भोक पाडा.

मग सामान. पाकिटावर कंपनीचं नाव, होलोग्राम, सगळं असतं, पण पाकीट तुम्हाला दाखवतच नाहीत. पाकिटावर छापील किंमत असते. त्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणं हा वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे, आणि खोट्या ब्रँडचा माल विकणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, आधी बऱ्याच भागांवर तो 28 होता. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग 18 वरून 5 टक्क्यांवर आले. तुमच्या चेन-स्प्रॉकेटचा, ट्रॅक्टरच्या टायरचा भाव तेव्हा उतरला का, आठवून बघा. ज्याच्याकडे जुनं बिल असेल त्यालाच सांगता येईल.

पाकीट न दाखवण्याचं आणखी एक कारण असतं. काही कंपन्या पाकिटात मेकॅनिकसाठी कूपन किंवा मोबाइलनं स्कॅन करायचा कोड घालतात. स्पेअरवाल्याचं कमिशन वेगळं. म्हणजे सामान जेवढं जास्त बदलेल तेवढी मिस्त्रीची कमाई, आणि नुसतं घट्ट करून, साफ करून भागवलं तर फक्त मजुरी. अशा हिशेबात सरळ माणूसही घसरतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1992 साली सीअर्स या नावाजलेल्या साखळी दुकानांच्या गॅरेजांवर सरकारनं कारवाई केली. अधिकारी साधे गिऱ्हाईक बनून गाड्या घेऊन गेले होते, आणि न बिघडलेलं सामान बिघडलं म्हणून बदललेलं सापडलं. कामगारांना विक्रीवर पैसे आणि जास्तीत जास्त सामान खपवायचं टार्गेट होतं. हे पकडता आलं, कारण त्या राज्यात 1971 पासून गाडीदुरुस्तीचा वेगळाच कायदा होता : आधी लेखी अंदाज द्यायचा, गिऱ्हाइकानं मागितलं तर जुनं सामान परत करायचं. आपल्याकडे असा खास कायदा नाही. पत्र्याच्या शेडला पाटी लावली की गॅरेज झालं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा, डिझेलचा, ट्रॅक्टरचा अभ्यासक्रम आहे, पण तो केलाय का असं कोणी विचारत नाही.

यातून दुसरा प्रकार निघतो, निष्काळजीपणाचा. यात लबाडी नसते, पण खिसा तेवढाच फाटतो. ऑइल बदलताना खालचा ड्रेन बोल्ट बसवायचा असतो. तो जातो ॲल्युमिनियमच्या खोक्यात, आणि ॲल्युमिनियम नरम. हाताखालचं पोरगं लांब पाना लावून सगळा जोर देतं. बोल्ट अजून थोडा फिरतो, मग मोकळाच फिरायला लागतो. आटे गेले. पोरगं घाबरतं, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून बोल्ट परत बसवतं, वर कपडा मारतं आणि कोणाला काही सांगत नाही. गाडी घरी येते. अंगणात रोज एक काळा ठिपका पडतो. महिन्याभरानं रिसोडच्या रस्त्यावर इंजिन जाम होतं आणि तीच गाडी ओढत त्याच गॅरेजला जाते. तिथं ऐकायला मिळतं, "ऑइल चेक करत नव्हते वाटतं? आता फुल इंजिनचं काम हाय." पानसुद्धा न खाता माणूस तिथं लाल होतो, पण सिद्ध काय करणार? (परक्याच्या गॅरेजात चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, हेही जाता जाता लिहून ठेवतो. पोराचा दोष नाही. त्याच्या हातात पाना देणाऱ्याचा आहे.)

1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. बहुतेकांचं कार्बोरेटर गेलं, फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. बिघाड कुठं आहे ते स्कॅनर लावून बघावं लागतं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही तो अंदाजानं एक सेन्सर बदलतो, मग दुसरा, मग वायरिंग कापतो. प्रत्येक अंदाजाचे पैसे तुमचे. "हे मला जमत नाही, दुसरीकडे दाखवा" असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला दोन पैसे जास्त द्यावेत असं आमचं मत आहे. यात कंपन्यांचाही हात आहे. माहितीपुस्तकं आणि सामान आपल्याच डीलरपाशी ठेवायचं, म्हणजे गावचा मिस्त्री अडतो. त्यासाठीच केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्यांबरोबर शेतीची यंत्रंही आहेत.

आता ट्रॅक्टर. मोटारसायकल बंद पडली तर माणूस काळीपिवळीनं सेनगावला जातो. ट्रॅक्टर जूनमध्ये बंद पडला तर काय? पाऊस झाला, वाफसा आला, सोयाबीनची पेरणी चार दिवसांत उरकायची. पुन्हा पाऊस लागला की रान चिखल, आणि उघडला की ओल उडते. अशात क्लच गेलेला ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात मधोमध फोडून ठेवलेला असतो, पुढचा भाग एका ओंडक्यावर, मागचा दुसऱ्यावर. तो उचलून हिंगोलीला नेता येत नाही. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा तिसऱ्या दिवशी दुप्पट झाला तरी मान हलवावी लागते. "आत खोलल्यावर दिसलं ना" याला उत्तर नसतं, कारण पहिला आकडा हवेतच होता. हळद निघते त्या दिवसांतही हेच. कुकर पेटलेला, पॉलिशचा ड्रम ट्रॅक्टरला जोडलेला, मजूर खोळंबलेले, आणि मिस्त्री म्हणणार, "एक-दोन दुकानांत बघतो, नाहीतर सामान हिंगोलीहून आणावं लागल." अडलेल्या माणसाशी भाव करणं सोपं असतं. म्हणून आकडा अडायच्या आधी कागदावर यायला पाहिजे.

आणि उधारी. यावर मात्र मिस्त्रींचंही ऐकलं पाहिजे. जूनचं काम, पैसे दिवाळीला, सोयाबीन विकल्यावर. भाव पडला तर संक्रांतीला. स्पेअरवाला मिस्त्रीला तेवढा थांबत नाही. मग तो काय करतो? हजाराचं काम चौदाशे सांगतो. व्याज किमतीत मिसळतो. रोख देणाऱ्यालाही चौदाशेच, कारण भाव एकदा तोंडात बसला की बसला. उधारीवाला मागू शकत नाही, "पैसे द्यायचेत, कसं विचारू बिल?" म्हणून गप्प. आमचं म्हणणं साधं आहे : कामाची किंमत वेगळी लिहा, उधारी वेगळी लिहा. उशीर झाला म्हणून काही जास्त घ्यायचं असेल तर तेही उघड लिहा. मजुरी बुडवणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. 1872 च्या करार कायद्याचं 170 वं कलम दुरुस्ती करणाऱ्याला कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवू देतं. तो त्याचा हक्क आहे. पण केलेल्या कामाचे पैसे, मनात आलेल्या आकड्याचे नव्हेत.

त्याच कायद्यात आपल्या बाजूचंही आहे. दुरुस्तीला दिलेली गाडी ही सांभाळायला दिलेली वस्तू ठरते. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी मिस्त्रीनं घ्यायची. नवी बॅटरी काढून जुनी बसवली तर तो जबाबदार. आणि 154 वं कलम तर आपल्या पोरांनी पाठच करावं : ज्या कामासाठी वस्तू दिली त्याव्यतिरिक्त वापरली आणि नुकसान झालं, तर भरपाई वापरणाऱ्यानं द्यायची. "ट्रायल" म्हणून तुमच्या गाडीवर तिघं बसून लग्नाला जाऊन आले, आणि वाटेत गाडी पडली, तर ती ट्रायल नव्हे.

"कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?" असं म्हणतील. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो 1986 मध्ये आला, आणि 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या गावाला सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे. गाडी रिसोडला किंवा वाशिमला दुरुस्त केली, तर पूर्वी त्या जिल्ह्यात जावं लागे. आता आपण जिथं राहतो तिथंच, म्हणजे हिंगोलीतच तक्रार करता येते. ट्रॅक्टर स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवणारा शेतकरीही ग्राहकच आहे, "धंद्यासाठी घेतला" म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करून बघा. पुष्कळ वाद नुसत्या फोननंच मिटतात.

पण आयोग असो की फोन, पहिला प्रश्न एकच येतो : कागद आहे का?

"जीएसटी नाही, बिल कसं देऊ?" असं सांगणाऱ्याला सांगा, नोंदणी नसेल तर कर लावू नको, साध्या वहीच्या पानावर लिही, तारीख घाल, सही कर. गावातल्या माणसाकडे बिल मागायची लाज वाटते हे आम्हाला माहीत आहे. पण किराणावाल्याकडे चिठ्ठी मागताना वाटत नाही, दूध डेअरीवर फॅटची पावती घेताना वाटत नाही.

म्हणून खाली चिठ्ठी छापली आहे. कापून मोटारसायकलच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. गाडी सोडताना दोघांनी भरायची. जे मिस्त्री आपणहून अशी वही ठेवतील, त्यांच्या गॅरेजला आम्ही आमच्या खर्चानं पाटी लावून देऊ.

गोरेगाव परिसरातील काही वाहनधारक व शेतकरी
(ता. सेनगाव, जि. हिंगोली)

✂ ─────────────────────

गाडी नंबर : ________ तारीख : ________ किलोमीटर / तास : ________

मालकाची तक्रार : ________________

अंदाजे खर्च : सामान रु. ______ मजुरी रु. ______

खर्च यापेक्षा रु. ______ ने वाढत असेल तर पुढचं काम करण्याआधी फोन करणे.

जुनं सामान व रिकामे डबे परत : हो / नाही

गाडी कधी मिळणार : ________

उधारी असल्यास रक्कम व मुदत : ________________

मालकाची सही : ________ मिस्त्रीची सही : ________